दम लागलेली गिटार

माणसं आमटीची चव घेतात तशी उत्तमदादा सेलांची चव घ्यायचा. एका लाकडी खोबणीत सहा पेन्सिल सेल ओळीनं बसवलेले, दोन टोकांना दोन वायरी. त्या वायरी जिभेच्या शेंड्याला लावायच्या, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. जीभ जोरात चुणचुणली की तोंड वाकडं करून म्हणायचा, "अजून उर्मट आहे." जरा कमी चुणचुणली तर, "येतोय ताळ्यावर." आणि अगदी हलकीशी गुदगुली झाली की त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरायचं, की बघणाऱ्यालाही वाटावं आपणही चाखून बघावं. "हा समजूतदार झाला," तो म्हणायचा. मी एकदा चाखून बघितलं. समजूतदारपणाची चव गंजक्या खिळ्यासारखी लागते.

नाव उत्तम, आणि सगळा जीव खराब आवाजात. असा माणूस आमच्या शेजारी राहायचा. विहारामागच्या बैठ्या घरांच्या रांगेत त्याचं आणि आमचं घर एका भिंतीचं होतं, आणि ती भिंतही नावालाच होती. त्यांच्याकडे फोडणी करपली की आमच्याकडे आई खोकायची. दादा ओझरच्या विमान कारखान्यात विजेच्या कामाला होता. सकाळी कारखान्याच्या बसला जायचा, संध्याकाळी यायचा. आकाशात कुठलंही विमान दिसलं की मान वर करून "आपलंच आहे" म्हणायचा. ते आपलं नाही हे आम्हाला आणि त्यालाही माहीत असायचं, पण विमान तक्रार करत नसल्यामुळे कोणी वाद घालत नसे.

कारखाना पोटासाठी होता. खरा दादा रविवारी आणि लग्नसराईत दिसायचा. कादरमास्तरांच्या ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा आणि मी गायची. मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत नुकती शिक्षिका झाले होते. मुलीनं स्टेजवर गावं की नाही यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, आणि शेवटी "उत्तम बरोबर असेल तर जा" या अटीवर परवानगी मिळाली. उत्तम बरोबर असायचा, पण त्याचं लक्ष माझ्यावर कधीच नसायचं. ते त्याच्या पायाशी असायचं.

त्याच्या पायाशी ती पेटी असायची. आम्ही तिला पेडल म्हणायचो, त्याचे वडील पायपेटी म्हणायचे. डब्याएवढी लोखंडी वस्तू. गिटारची वायर तिच्यातून जायची आणि मग भोंग्याकडे जायची. वरचं बटण पायानं दाबलं की गिटारचा गोड आवाज एकदम फाटायचा. रात्रभर ओरडून घसा बसलेला माणूस बोलतो तसा तो आवाज यायचा. मुंबईहून आलेल्या कुठल्याशा वादकाजवळ दादानं अशी पेटी पाहिली, तिची आतली मांडणी डोक्यात ठेवली आणि घरी येऊन स्वतः बनवली. डबा बिस्किटांचा होता. जवळून पाहिलं की रंगाखाली हसऱ्या बाळाचा अर्धा चेहरा दिसायचा.

आता त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. आबांनी तरुणपणी जलशातून गाणी म्हटली होती. निफाड, येवला, लासलगावच्या बाजूची खेडी त्यांनी पायी पालथी घातली होती. एक गाणं त्यांनी स्वतः बांधलं होतं, रात्रभर चालून सकाळी गावाकडे पोचणाऱ्या माणसाचं. वसाहतीत सगळे त्याला 'आबांचं चालण्याचं गाणं' म्हणत. त्यातल्या तिसऱ्या कडव्यात एक ओळ इतकी लांब होती, की ती संपेपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हायचा. ओळीचा शेवटचा शब्द 'गाव'. पुढे आबांना दमा झाला. मी लहान असताना ते ही ओळ तुटत तुटत म्हणायचे, सूर खाली बसायचा, परत उठायचा, आणि अख्खा मांडव त्यांच्याबरोबर श्वास रोखून असायचा. मग त्यांनी गाणंच सोडलं. मफलर, ट्रान्झिस्टर आणि दारातली खुर्ची एवढाच त्यांचा संसार उरला.

दादानं पहिल्यांदा गिटार घरी आणली तेव्हा आबांनी ती पुरती ऐकून घेतली. सगळी वसाहत दारात होती. दादानं हौसेनं आबांचंच गाणं वाजवलं, चुकला कुठंच नाही. आबा म्हणाले, "वाजतंय ब्येस. पर गात नाय."

"म्हणजे कसं, आबा?"

"आरं, तिला दम कुठं लागतो? माणूस गातो तव्हा त्याला दम लागतो. जिला दमच लागत नाय ती वाजती. गात नाय."

झालं. एवढंच बोलले आणि ट्रान्झिस्टर लावला. दुसरा मुलगा असता तर रागावला असता किंवा विसरला असता. दादानं ते वाक्य मशीनमधला बिघाड कळावा तसं घेतलं. गिटारला दम लागत नाही ही तक्रार आलेली आहे, तर आता तिला दम लावायचा. आबा हयात असेपर्यंत त्यांच्या तोंडून "गातंय" ऐकायचं, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात हवी होती. बढती, घर, स्कूटर या बाकीच्या गोष्टी लीलावहिनीला हव्या होत्या, त्याला नाही.

वाट सापडली ती लासलगावला, आणि तीही गबाळेपणामुळे. गिटारची वायर पेटीत खुपसलेली राहिली की आतले सेल आपोआप जळत राहतात. दादा आदल्या दिवशी वायर काढायला विसरला होता. लग्न कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडचं होतं, भर दुपारचं. मांडवाच्या पलीकडे ट्रॅक्टर उभे होते आणि वाऱ्याबरोबर कांद्याचा वास येत होता. मी गाणं म्हणत होते आणि मधल्या तुकड्यात दादानं पेटीचं बटण दाबलं. नेहमीची डरकाळी आलीच नाही. दादानं तार जोरात छेडली, तर सूर आधी खाली बसला, जणू पायरी चुकली, आणि मग धापा टाकत वर आला. मध्येच तुटला. परत लागला. कादरमास्तरांनी अकॉर्डियनवरून असं बघितलं की मी माझी ओळ विसरले.

दादा मात्र जागच्या जागी थिजला होता. पुढच्या रांगेत नवरीचा बाप डोळे पुसत होता.

"शालू, ऐकलंस?" गाणं संपताच तो म्हणाला. "दम लागला हिला! आणि ते बघ, तो माणूस रडतोय."

"मियाँ," कादरमास्तर म्हणाले, "ये लासलगाव है. इधर प्याज से भी लोग रोते हैं. तू घमंड मत कर."

पण दादाला आता कोण अडवणार? नवे सेल नकोत, मरायला टेकलेले सेल हवेत, हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो वसाहतीत घरोघर फिरायला लागला. उतरलेले सेल द्या, नवे घ्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण फिरते ना, तसाच. बायकांनी त्याचं नावच 'सेलवाली बोहारीण' ठेवलं. तो हाक मारायचा नाही एवढाच फरक.

आता फुकट नवे सेल मिळताहेत म्हटल्यावर आमची माणसं गप्प बसणारी नव्हती. भर उन्हात घराघरातून बॅटऱ्या पेटलेल्या दिसायला लागल्या. लोक बॅटरी चालू करून खिडकीत ठेवत आणि कामाला निघून जात. आमची आईही त्यात होती, तिचं नाव मी उगाच लपवत नाही. संध्याकाळी ती निष्पाप चेहऱ्यानं सेल घेऊन गेली. दादानं जिभेला लावले आणि परत केले.

"काकू, हे पळवून मारलेत."

"अरे, उतरलेत की चांगले!"

"उतरलेत, पण उद्या सकाळी परत उठून बसतील. मला सावकाश म्हातारे झालेले पाहिजेत. रोज थोडं थोडं काम केलेले."

आई घरी येऊन म्हणाली, "सेल मागतोय की जावई?" पण सेल तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी लावून बघितले, तर खरंच उठून बसले होते.

सावकाश म्हातारे झालेले सगळ्यांत उत्तम सेल नेमके आबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये असायचे. रोज सकाळी बातम्या, दुपारी शेतीचा कार्यक्रम, संध्याकाळी भजनं, अगदी हळू आवाजात. दादा कार्यक्रमाच्या दिवशी ते गुपचूप बदलून न्यायचा. आबांना पत्ता लागत नसे असं त्याला वाटायचं. आबा आम्हाला सांगायचे, "रेडू लय जोरात बोलाया लागला का समजावं, उत्त्याचा कार्यक्रम हाय."

अशा एका कार्यक्रमाला त्यानं आबांना आणायचं ठरवलं. कार्यक्रम गावातच होता, एका शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी. आठवडाभर जिभेवर पारखून त्यानं सहा सेल निवडले होते. त्यांना तो कपड्यात गुंडाळून ठेवायचा. आबा येणार, चालण्याचं गाणं वाजणार, तिसऱ्या कडव्याला गिटारला दम लागणार. सगळं ठरलेलं होतं. फक्त लीलावहिनीला ते ठरलेलं कुणी सांगितलं नव्हतं. ती बिचारी सरळ मनाची बाई. सासरे पहिल्यांदा ऐकायला येणार, आणि नवऱ्याच्या पेटीत उतरलेले सेल? तिनं दुकानातून सहा नवे कोरे सेल आणले, पेटीत घातले, आणि म्हातारे टाकून दिले.

दादानं बटण दाबलं आणि पटांगणातली कुत्री उठून उभी राहिली. असा काही खणखणीत, उर्मट आवाज फुटला की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी टोप्या सावरल्या. तिसरं कडवं गिटारनं एका दमात म्हणून टाकलं, ना थांबली ना अडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा काठी टेकत उठले आणि जाता जाता म्हणाले, "वाजतंय. लय जोरात वाजतंय."

घरी आल्यावर भांडण होईल म्हणून आम्ही भिंतीला कान लावून बसलो होतो. भांडण झालं नाही. मग वहिनीच्या रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दादाचा, "अगं, रडू नको. तुझ्यामुळे एक गोष्ट कळली. सेलांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. नव्या सेलालाच म्हातारं करता आलं पाहिजे."

मग सुरू झाले ते प्रयोग. आधी त्यानं सहाच्या जागी पाच सेल लावले, मग चार. आवाज लहान झाला, पण उर्मटपणा तसाच. आमच्या ओसरीत बसून तो स्वतःशीच बोलायचा. एक दिवस नळाला पाणी कमी येत होतं, आई खाली हंडा ठेवून करवादत होती, आणि दादा त्या धारेकडे बघत उभा राहिला. "काकू, टाकी भरलेली आहे ना?" "टाकी भरलेली आहे रे, नळच बुजलाय मेला." दादा ताडकन घरात पळाला. नंतर त्यानं मला समजावलं. सेल म्हातारा होतो म्हणजे त्याचं पाणी नुसतं आटत नाही, त्याचा नळही बुजतो. तार जोरात छेडली की पेटी एकदम जास्त मागते, म्हातारा सेल तेवढं देऊ शकत नाही, म्हणून सूर बसतो आणि मग उठतो. तेव्हा सेल कमी करायचे नाहीत, वाटेत नळ बसवायचा. जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण त्यानं सेल आणि पेटी यांच्या मध्ये बसवलं. फिरवलं की वाट अरुंद होत जाणार. नवा सेल जागच्या जागी म्हातारा.

त्या बटणाला त्यानं नाव दिलं 'दम'. भोवती आकडे लिहायचे सोडून त्यानं पांढऱ्या रंगानं शब्द लिहिले: ताजा, दमला, टेकला, गेला. आणि या शेवटच्या शब्दानं आमच्या वसाहतीत जे केलं ते मी विसरणार नाही.

रविवारची दुपार. आबा आतल्या खोलीत झोपलेले, म्हणून दादानं आवाज भोंग्यातून न काढता कानातल्या छोट्या यंत्रात घेतला होता. गिटार त्याच्या मांडीवर, बटण वहिनीच्या हातात. बाहेर कुणाला तारेचा साधा टणत्कारही ऐकू येत नव्हता. आमची आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिच्या कानावर आलं ते एवढंच:

"हां... दमला आता."

"आणखी?"

"थांब. टेकला बघ. टेकला."

"गेला का?"

"नाही अजून. जाईल. हळूहळू जाऊ दे त्याला. घाई नको."

आईच्या हातातलं सूप थांबलं. मग दादाचा आनंदानं फुललेला आवाज आला, "गेला! लीला, काय शांत गेला गं! एवढा शांत जाईल असं वाटलं नव्हतं!"

"मेल्या," आई पुटपुटली, "बाप गेला आणि हसतोस?"

पुढचं आईनं घरोघर जाऊन स्वतः पार पाडलं. बायकांनी पांढरी पातळं नेसली. दोघंजण बांबू आणायला गेले. एकजण आबांच्या लेकीला, सुमनआक्काला, आणायला निफाडच्या एसटीत बसलासुद्धा. मला शाळेच्या मैत्रिणीकडून बोलावून आणलं. आम्ही सगळे दादाच्या दारात जमलो तेव्हा आतून कप-बशीचा आवाज येत होता. आई पदर डोळ्यांना लावून पुढे झाली, आणि खुर्चीत बसून बशीतून चहा पिणाऱ्या आबांसमोर येऊन उभी राहिली.

आबांनी सगळी पांढरी पातळं बघितली. बशी खाली ठेवली. "कोण गेलं?"

सगळ्यांनी आईकडे बघितलं.

"आरं, बोला की. जवळचं हाय का कोणी?"

शेवटी दादा पुढे झाला. हातात तो डबा होताच. "आबा, सेल गेला."

आबांनी दाराबाहेर बघितलं. तिथं दोघं जण बांबू खांद्यावर घेऊन उभे होते. "सेलासाठी बांबू आणलं?" ते म्हणाले, आणि मग इतके हसले की त्यांना उबळ आली आणि पाठ चोळायला आईलाच बसावं लागलं. संध्याकाळी सुमनआक्का रस्त्यापासून हंबरडा फोडत आली. आबा तिला म्हणाले, "बरं झालं. मराया लागलो तव्हा तरी आलीस." तिनं चार दिवस मुक्काम केला आणि पुरणपोळ्या करून घातल्या. आबा पुढे अनेकदा म्हणायचे, "उत्त्या, परत एकदा ते बटण फिरीव बाबा, पुरणाची आठवण येती."

त्या वर्षीच्या जयंतीला सकाळच्या कार्यक्रमात दादानं कादरमास्तरांकडे एक गाणं मागून घेतलं. गाणारं कोणी नको, नुसती गिटार. विहारासमोर मांडव, निळे झेंडे, समोर पहिल्याच खुर्चीत एप्रिलच्या उकाड्यातही मफलर गुंडाळून बसलेले आबा. वहिनीला हजारदा बजावून झालं होतं, आणि ती पेटीपासून दूर, बायकांत बसली होती. दादानं बटण 'टेकला'वर आणलं आणि चालण्याचं गाणं सुरू केलं.

मी स्टेजच्या कडेला उभी होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याची ती लांब ओळ आली आणि गिटारला दम लागला. खोटं वाटेल, पण मांडवातल्या म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाशी नेला. त्यांनी तो आवाज ओळखला होता. सूर बसत होता, उठत होता. ओळ संपत आली, दादा थांबला, गिटारनं श्वास घेतल्यासारखी एक पोकळी गेली, आणि मग तो शेवटचा शब्द वाजला. गाव.

टाळ्या पडल्याच नाहीत. सगळे आबांकडे बघत होते. आबांनी एक बोट हलवून त्याला खाली बोलावलं. दादा गिटार गळ्यात घेऊनच उतरला, वायर ताणली गेली आणि कादरमास्तरांनी पळत जाऊन ती सोडवली.

"श्वास चुकीच्या जागी घेतलास," आबा म्हणाले.

"कुठं, आबा?"

"गावाच्या आधी घेतलास. वेशीबाहेर कशाला थांबलास? थांबायचे दिवस होते ते आमचे होते. आत शिरायचं, गाव म्हणायचं, अन् मंग घ्यायचा दम."

एवढं बोलून त्यांनी मफलर सारखा केला. मांडवातले म्हातारे मान हलवत होते. पुढचं गाणं माझं होतं, तरी मी स्टेजच्या कडेलाच उभी राहिले.

दादा बायकांच्या रांगेत वहिनीपाशी आला, मग माझ्यापाशी, मग कादरमास्तरांपाशी, मग मांडवाच्या दोऱ्या धरून उभ्या असलेल्या पोरांपाशीसुद्धा. सगळ्यांना एकच सांगत होता. "ऐकलंत? आबा श्वास म्हणाले! चुकीचा म्हणाले, पण श्वास म्हणाले!"

"बाप ने सबके सामने गलती निकाली," कादरमास्तर मला म्हणाले, "और ये पेढे बाँटने निकला है." आणि स्वतःच्या खिशातून पैसे काढून त्यांनी खरोखर पेढे मागवले.

त्यानंतर रविवारी बाप-लेकांची शिकवणी चालायची. आबा खुर्चीत, दादा पायाशी पेटी घेऊन. गाव आलं की आबा काठी आपटायचे. दादा कधी आधी थांबायचा, कधी इतका पुढे जायचा की आबा म्हणायचे, "गावाच्या पार पलीकडं गेलास, आता म्हागारी ये." 'गातंय' हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. दादा तो मागायचाही विसरला होता.

आबा गेले ते पुढच्या थंडीत, सकाळच्या वेळी. भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज आला, "आबा गेले हो, आबा गेले." आईनं भाजी चिरायचं थांबवलं नाही. "बटण फिरवलं असेल," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलोसुद्धा. मग वहिनीनं दुसऱ्यांदा हाक मारली आणि आईच्या पायाखालची विळी आडवी झाली. सगळ्या रांगेत तसंच झालं होतं. पहिल्या हाकेला कोणीच आलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा दादा आबांजवळ बसला होता आणि उशाशी ट्रान्झिस्टर हळू आवाजात बातम्या सांगत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. ते सेल दादानं नंतर कधीही काढले नाहीत. मी एकदा चिडवायला म्हणाले, "दादा, नाशिकमधले सगळ्यांत समजूतदार सेल आहेत ते." तो नुसता हसला आणि ट्रान्झिस्टर कपाटात ठेवला.

माझं लग्न होऊन मी मालेगावला गेले, नोकरी तिकडे करून घेतली, गाणं सुटलं. काही वर्षांनी जयंतीला माहेरी आले. तोच मांडव, तेच झेंडे, कादरमास्तरांच्या दाढीला मेंदी. दादाचे केस विरळ झाले होते. बिस्किटाच्या डब्यावरचा रंग उडून आता बाळाचा चेहरा पूर्ण दिसत होता, आणि बटणाभोवतीच्या शब्दांपैकी 'टेकला' तेवढा बोटांनी काळा पडला होता. त्यानं चालण्याचं गाणं वाजवलं. तिसरं कडवं आलं. सूर दमत दमत ओळीच्या टोकाशी आला, वेशीपाशी जराही अडला नाही, सरळ आत शिरला, गाव म्हणाला, आणि मग दम घेतला. अगदी जागेवर. आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली असती, इतका जागेवर.

टाळ्या खूप झाल्या. दादाच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसेना. तो सरळ उतरून माझ्याकडे आला, घाम पुसत, आणि हळूच म्हणाला, "शालू, श्वासाची जागा?"

पहिल्या खुर्चीवर कुणाचा तरी नातू झोपला होता. चूक काढणारं आता तिथं कोणी नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि शाळेतल्या पोरांना रागावते त्या आवाजात म्हणाले, "दादा, श्वास जरा लवकर घेतलास. अजून थोडं आत शिरायला हवं होतं."

त्याचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच रडू आलं. "हो ना? मलाही वाटलंच," तो म्हणाला, आणि पेटी काखेत मारून मांडवातून चालायला लागला. वाटेत त्यानं कादरमास्तरांना थांबवलं. एवढ्या गलबल्यातही त्याचा आवाज मला ऐकू आला.

"ऐकलंत का, मास्तर? शालू म्हणते, श्वास लवकर घेतला!"